बिजागरी

पहिल्यांदा वाटलं, मागच्या शेडचं दार.
चाळीस वर्षं लोकांच्या घरांना दारं बसवली,
करकर ऐकली की हात आपोआप तेलाच्या डब्याकडे जातो.
शेडच्या दाराला तेल घातलं, फाटकाला घातलं,
न्हाणीघराच्या खिडकीलासुद्धा.
करकर चालूच.
मग वर पाहिलं.

गोरान पेट्रोव्स्कीच्या आणि माझ्या कुंपणावर
अर्धी इकडे, अर्धी तिकडे अशी जुनी निलगिरी,
तिच्या वठलेल्या फांदीवर राखाडी काकाकुवा.
डोकं तेवढं लालभडक,
रंगाच्या डब्यात बुडवून काढल्यासारखं,
तुरा विस्कटलेला, झोपेतून उठवलेल्या पोराचा.
शेजारी त्याची बायको, डोक्यापासून राखाडी,
पोटावर फिकट नारिंगी रेघा.
दोघं ढोलीच्या काठाचं लाकूड कुरतडत होती.
करकर त्यांच्या गळ्यातली.

गोरानला ती फांदी नको होती.
खाली त्याचे टोमॅटोचे वाफे, द्राक्षांचा मांडव.
"लेस्टर, ती एक दिवस माझ्या डोक्यात पडेल
आणि तू पक्षी बघत बसशील."
क्वीनबियनच्या नगरपालिकेचा माणूस
बुंध्यावर गुलाबी फुली मारून गेला.
फुली अजून आहे. माणूस आला नाही,
कुणी म्हणालं, निवृत्त झाला.

तरी म्हटलं, सोय करून ठेवावी.
जाड फळ्या, गुण्या लावून तपासलेले काटकोन,
आतून पटाशीने खाचा, पिल्लाला चढायला.
इतकं नेटकं काम मी माणसांसाठीही क्वचित केलं.
शिडी लावून खोकं टांगलं.
दोघं आली, डोकावली,
आणि पुन्हा आपल्या वेड्यावाकड्या ढोलीला लागली.
आठ दिवसांत खोक्यात एक पॉसम राहायला आला,
बिनभाड्याचा, पाय पसरून.

तीन वर्षं त्यांनी नुसता काठच कुरतडला.
असा सुतार मी दुसऱ्या दिवशी घरी पाठवला असता.
होबार्टहून टमझिन फोनवर हसली:
"बाबा, आपल्या स्वयंपाकघरातल्या कपाटाला
अजून दार नाहीये."

चौथ्या ऑक्टोबरात ती आत गेली
ती दुपारपर्यंत बाहेर आलीच नाही.
मग तो आत, ती बाहेर.
पाळी लावली होती.
बदलताना तोंडाशी एकच करकर, मग एक जाणार.
इनिड रुग्णालयात रात्रपाळीला होती
तेव्हा आमचंही असंच होतं:
किल्ली या हातातून त्या हातात,
चहावर झाकण, एखादा शब्द, तोही जांभईत.

मग आतून पिल्लू ऐकू यायला लागलं,
ओल्या लाकडात अडकलेली बोथट करवत.
मी खुर्ची टाकून बसायचो.
एके दिवशी कुंपणापलीकडे गोराननेही स्टूल टाकलं.
"टोमॅटोंवर लक्ष ठेवतोय," म्हणाला.
टोमॅटो त्याच्या पाठीमागे होते.

सात आठवडे.
आणि ज्या सकाळी ते निघालं
मी डोळ्यांच्या दवाखान्यात रांगेत,
बुबुळांत थेंब, भिंतीवरचं घड्याळ पाण्याखाली.
परतलो तर गोरान कुंपणाशी उभा, टोपी काढून.
"गेलं."
कसं?
"पडलं."
पडलं?
"म्हणजे पडायला लागलं. मग..."
मातीने भरलेले दोन्ही हात त्याने वर केले,
शब्द शोधला,
त्याच्या आईच्या भाषेत काहीतरी म्हणाला,
आणि हात तसेच राहू दिले हवेत.

मला अजून धड दिसत नव्हतं.
ते हात, मागचं झाड, झाडातला काळा डाग,
सगळं एकमेकांत उतरलेलं.
तेवढ्यात रस्त्यापलीकडून, कुठल्यातरी छपरावरून
एक करकर, तिला उत्तर देणारी दुसरी,
आणि तिसरी, मध्येच तुटणारी,
अजून घोटून न झालेली.

"फाटकाला तेल घाल, लेस्टर,"
गोरान म्हणाला,
हात खाली न घेता.